लूपमधली न बोलणारी चूक

मागे उभे असलेल्यांनी पुढे या, पहिल्या दोन रांगा नेहमीप्रमाणे रिकाम्याच आहेत.

आजचा विषय कळल्यावर मला दोन-तीन फोन आले. सगळ्यांचा सूर एकच. ‘सर, तुम्ही जन्मभर तर्कशास्त्र शिकवलंत, हे कोडिंगचं खूळ कुठून काढलंत?’ खूळ निवृत्तीनंतरचं आहे हे कबूल. पण ज्याने चाळीस वर्षं विद्यार्थ्यांच्या युक्तिवादातली भोकं शोधली, त्याला संगणकाच्या कोडमधली भोकं शोधणं फार परकं वाटत नाही. फरक एवढाच की विद्यार्थी वाद घालतो. संगणक घालत नाही. तो सांगितलेलं निमूटपणे करतो, आणि तिथेच पंचाईत होते.

एका फजितीपासून सुरुवात करतो. फजिती माझी आहे. माझी एक जुनी विद्यार्थिनी शिक्षणशास्त्रात पीएच.डी. करत होती. दोन प्रकारच्या शाळांमधल्या चौथीच्या मुलांच्या वाचनाच्या चाचणीचे गुण तिने गोळा केले होते. दोन्हीकडच्या मध्यकात थोडा फरक होता, आणि त्या फरकावर किती भिस्त ठेवावी हा तिचा प्रश्न होता. मी म्हटलं, दे इकडे, करून देतो. एक लूप लिहिला, हजार फेऱ्यांचा. उत्तर आलं की मध्यकाची प्रमाण त्रुटी शून्य. शून्य! मी खूश. इतकं पक्कं उत्तर म्हणजे प्रश्नच मिटला. तिने तक्त्यात तो आकडा भरला. सादरीकरण दोन दिवसांवर होतं. रात्री तिचा फोन आला, ‘सर, इतकं अचूक असतं का हो कधी?’

त्या फोनकडे शेवटी परत येऊ. आत्ता एवढंच लक्षात ठेवा की माझ्या कोडने एकही एरर दिली नव्हती. लाल अक्षर नाही, इशारा नाही, काही नाही.

चुका दोन जातींच्या. एक ओरडणारी आणि एक गप्प बसणारी. ओरडणारी चूक ही चांगली चूक. ती वाटेत आडवी येते, पुढे जाऊ देत नाही. गप्प चूक तुमच्याबरोबर चालत येते आणि थेट अहवालात जाऊन बसते. संख्याशास्त्राच्या कोडमध्ये दुसऱ्या जातीचं पीक जास्त, कारण इथे कोडचं फळ म्हणजे एक आकडा, आणि आकडा तोंडाने सांगत नाही की मी चुकीचा आहे.

मी जी भाषा वापरतो तिचं नाव आर. न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ती घडवली. तिची आजी म्हणजे बेल लॅब्जमधली एस ही भाषा. जॉन चेंबर्स आणि सहकाऱ्यांनी तिचं काम १९७६ मध्ये सुरू केलं. आरची १.०.० ही आवृत्ती आली २९ फेब्रुवारी २००० ला. वाढदिवस चार वर्षांतून एकदा, हा त्या मंडळींचा विनोद असावा.

आर उघडलं की आत काही नमुन्याच्या नोंदी तयारच मिळतात. त्यातली एक आज घेऊ. नाव आहे एअरक्वालिटी. न्यूयॉर्क शहराच्या हवेच्या १९७३ सालच्या मे ते सप्टेंबर या पाच महिन्यांच्या रोजच्या नोंदी, म्हणजे १५३ दिवस, १५३ ओळी. ओझोन मोजला रूझवेल्ट बेटावर, दुपारी एक ते तीन या वेळात, एकक एक अब्जात किती भाग. शेजारच्या स्तंभांत ऊन, वारा, तापमान, महिना, तारीख. आपल्याला ओझोन आणि महिना पुरे. आणि एक गोष्ट महत्त्वाची. १५३ पैकी ३७ दिवसांचा ओझोन नोंदलेलाच नाही. तिथे आर ‘एनए’ लिहितं. उपलब्ध नाही. शून्य नव्हे बरं का. शून्य म्हणजे मोजलं आणि काही सापडलं नाही. एनए म्हणजे कळलंच नाही.

आता लूप. माळ जपतो तसा. एक मणी धरायचा, ठरलेली कृती करायची, पुढचा मणी. फक्त मणी किती, सुरुवात कुठून आणि दर मण्यावर नेमकं काय करायचं, हे आधी सांगावं लागतं. चूक या तीनपैकी कुठेतरी असते. जवळजवळ नेहमीच.

साधा लूप घ्या. ‘बेरीज’ नावाच्या डब्यात शून्य ठेवा. मग ‘आय’ हा आकडा १ पासून १५३ पर्यंत न्या, आणि दर फेरीला आयव्या दिवसाचा ओझोन बेरजेत टाका. चालवा. उत्तर येतं एनए. नवा माणूस इथे काय करतो? कोड बघत बसतो. पुन्हा चालवतो. पुन्हा एनए. मग इथलं थोडं, तिथलं थोडं बदलतो. साप समजून भुई धोपटणं म्हणतात ते हेच.

त्यापेक्षा लूपलाच बोलायला लावा. आत एक ओळ घाला, दर फेरीला आय आणि बेरीज छापण्याची. आरमध्ये एक खोच आहे. लूपच्या बाहेर नुसतं नाव लिहिलं तरी किंमत दिसते, लूपच्या आत दिसत नाही. तिथे ‘प्रिंट’ असं स्पष्ट सांगावं लागतं. तर छापून बघा. ४१, ७७, ८९, १०७, आणि पाचव्या फेरीला एनए, मग शेवटपर्यंत एनए. पहिल्या चार दिवसांचे आकडे ४१, ३६, १२, १८. पाचव्या दिवशी नोंद नाही. ज्ञात बेरजेत एक अज्ञात मिसळला की सगळी बेरीज अज्ञात. दुधाच्या पातेल्यात मिठाचा खडा पडावा तसं. १४८ फेऱ्या पुढे व्यर्थ चालल्या, पण नासलं पाचव्यालाच.

हेच ओरडणाऱ्या चुकीच्या रूपात पाहायचं असेल तर लूपच्या आत अट घाला: आयव्या दिवसाचा ओझोन शंभरपेक्षा जास्त असेल तर तो दिवस मोजा. आता आर थांबतं. संदेश येतो, ‘मिसिंग व्हॅल्यू व्हेअर ट्रू/फॉल्स नीडेड’. म्हणजे मला हो किंवा नाही हवं होतं, तू मला ‘माहीत नाही’ दिलंस. आणि फार जणांना ठाऊक नसलेली सोय सांगतो. लूप मध्येच मोडला तरी आय हा डबा तसाच शिल्लक राहतो. नुसतं आय लिहून एंटर दाबा. उत्तर येईल ५. गुन्हेगार कोणत्या फेरीत सापडला हे तिथेच लिहून ठेवलेलं असतं. लूप एखाद्या फंक्शनच्या पोटात असेल तर मात्र हे चालत नाही, तिथे ‘ब्राउझर’ ही आज्ञा आत ठेवून मध्येच थांबावं लागतं.

तर्कशास्त्राच्या माणसाला इथे थोडं रेंगाळू द्या. एनए शंभरपेक्षा मोठा आहे का? माहीत नाही. एनए आणि एनए समान आहेत का? तेही माहीत नाही! दोन अनोळखी माणसांची वयं मला ठाऊक नाहीत म्हणून ती सारखी ठरत नाहीत. पण ‘माहीत नाही आणि असत्य’ याचं उत्तर आर देतं असत्य, कारण अज्ञात काहीही निघालं तरी निकाल बदलत नाही. हे स्टीफन क्लीनी यांचं तीन मूल्यांचं तर्कशास्त्र, १९३८ मधलं. वर्गात ते शिकवताना मुलं विचारायची, याचा उपयोग काय. तेव्हा मला नीट उत्तर देता आलं नव्हतं. (हशा) आणि नाही, कोणी विचारायच्या आत सांगतो, हे जैनांचं अवक्तव्य नव्हे. तो वेगळा विषय, वेगळ्या व्याख्यानाचा.

इथवर सोपं होतं. आता गप्प चूक बघू.

काम असं: दर महिन्याची ओझोनची सरासरी काढा, मग त्या पाच सरासऱ्यांची सरासरी. एनए वगळायचे, हे आपण शिकलो. पाच महिने, म्हणून पाच खणांचा ‘निकाल’ नावाचा डबा आधीच करून ठेवला. आधी जागा करणं ही चांगली सवय आहे. दर फेरीला डबा एकेक खणाने वाढवत नेला तर आर पुन्हा पुन्हा नवा डबा करून जुना माल त्यात हलवत बसतं, आणि लाखभर फेऱ्या असतील तर तुमचा चहा थंड होतो. तर, पाच खण, सगळ्यांत शून्य. मग लूप: महिना ५ पासून ९ पर्यंत. दर फेरीला त्या महिन्याची सरासरी काढायची आणि निकालच्या ‘महिना’व्या खणात ठेवायची. शेवटी निकालची सरासरी.

चालवलं. एरर नाही. उत्तर २२.६.

कोणाला काही खटकतं? ... नाही ना? मलाही खटकलं नव्हतं. २२.६ हा ओझोनचा अगदी सभ्य आकडा आहे.

आता प्रत्येक महिन्याची सरासरी बघू. मे २३.६, जून २९.४, जुलै ५९.१, ऑगस्ट ६०.०, सप्टेंबर ३१.४. हां, कोणीतरी मान हलवली. बोला. ... बरोबर! पाच आकड्यांपैकी सगळ्यात लहान २३.६, आणि त्यांची सरासरी २२.६? सरासरी ही सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठ्या आकड्याच्या मध्येच कुठेतरी असली पाहिजे. वर्गातला सगळ्यात बुटका मुलगा साडेचार फुटांचा असेल तर वर्गाची सरासरी उंची चार फूट असू शकत नाही. हे कळायला न्यूयॉर्कच्या हवेची माहिती लागत नाही, आरही लागत नाही.

काय झालं होतं? मे हा पाचवा महिना, म्हणून त्याची सरासरी गेली पाचव्या खणात. जून सहाव्यात. पण डब्याला तर पाचच खण होते! दुसऱ्या एखाद्या भाषेने इथे दांडकं उगारलं असतं. आर मोठं सौजन्यशील. ते म्हणालं, सहावा खण हवा का, करून देते. सातवा, आठवा, नववाही. झाले नऊ खण. पहिल्या चारात आपण ठेवलेली शून्यं तशीच बसून. पाच आकड्यांची बेरीज २०३.६, तिला पाचाऐवजी नवाने भागलं. खरं उत्तर ४०.७ आहे. जवळजवळ निम्मं झालं, आणि कोणाचं हूं की चूं नाही.

आणि बघा, डबा करताना शून्यांऐवजी एनए भरले असते तर? पहिले चार खण एनए राहिले असते आणि शेवटची सरासरीही एनए आली असती. म्हणजे चूक ओरडली असती. तेव्हापासून मी कानाला खडा लावला. रिकामा डबा शून्यांनी भरायचा नाही. अजून काही ठेवलेलं नाही याचा अर्थ शून्य आहे असा नव्हे. वर मी तुम्हाला हेच सांगितलं होतं, आणि कोड लिहिताना स्वतःच विसरलो होतो.

दुरुस्ती सोपी आहे. खणाचा क्रमांक आणि महिन्याचा क्रमांक वेगळे ठेवा. आय १ ते ५, आणि महिन्यांची यादी वेगळी. आयव्या फेरीत यादीतला आयवा महिना उचला, निकाल आयव्या खणात ठेवा. घराचा नंबर आणि घरातल्या माणसाचं वय यांचा गोंधळ होऊ नये, इतकंच.

पण दुरुस्तीपेक्षा चूक कशी सापडली हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. आपण कोड वाचून ती पकडली नाही. उत्तर शक्य आहे का, असं विचारून पकडली. याला संगणकशास्त्रात जुनी बैठक आहे. रॉबर्ट फ्लॉइड यांनी १९६७ मध्ये आणि टोनी होर यांनी १९६९ मध्ये मांडलं की लूपबद्दल असं एक विधान शोधा, जे लूप सुरू होण्याआधी खरं आहे आणि प्रत्येक फेरीच्या शेवटीही खरंच राहतं. इंग्रजीत त्याला इन्व्हेरियंट म्हणतात. मी ‘अढळ विधान’ म्हणतो. बेरजेच्या लूपचं अढळ विधान काय? ‘आयवी फेरी संपली की बेरीज या डब्यात पहिल्या आय दिवसांची बेरीज आहे.’ सुरुवातीला आय शून्य, बेरीज शून्य, खरं. एक फेरी जाऊ द्या, खरं. शेवटी आय १५३, म्हणजे सगळ्यांची बेरीज. हे आपलं शाळेतलं गणिती विगमन आहे. आणि मघाच्या लूपचं? ‘आयवी फेरी संपली की निकालमध्ये आय खण भरलेले आहेत.’ पहिल्याच फेरीनंतर बघितलं असतं तर भरलेला खण पाचवा दिसला असता आणि पहिले चार रिकामे. विधान पहिल्याच फेरीत मोडलं असतं. आरमध्ये ‘स्टॉप इफ नॉट’ नावाची आज्ञा आहे, तिच्यात हे विधान लिहून लूपच्या आत ठेवता येतं. मोडलं की लूप थांबतो. म्हणजे गप्प चुकीला आपण तोंड देतो.

आता एक छोटी, पण खवचट जात. ओझोन २०० च्या वर गेलेले दिवस शोधा आणि त्या प्रत्येकासाठी लूपची एक फेरी करून एकेक मोजा. या नोंदींत सर्वांत मोठा आकडा १६८ आहे, म्हणजे असा दिवस एकही नाही. यादी रिकामी. उत्तर शून्य यायला हवं. येतं २! कारण आपण सांगितलं, १ पासून यादीच्या लांबीपर्यंत जा. लांबी आहे शून्य. माणूस म्हणेल, एकपासून शून्यापर्यंत म्हणजे जायचंच नाही. आर म्हणतं, एकपासून शून्यापर्यंत ना? ठीक, उलटं मोजते: एक, शून्य. दोन फेऱ्या. हवा पूर्ण सुरक्षित असताना तुमच्या अहवालात दोन धोक्याचे दिवस. म्हणून ‘सीक अलाँग’ वापरा. यादी रिकामी असेल तर ते एकही फेरी करत नाही. त्याचीच सख्खी बहीण म्हणजे ‘एक ते एन वजा एक’. आरमध्ये अपूर्णविरामाचं चिन्ह वजाच्या आधी बांधलं जातं, म्हणून आधी एक ते एन होतं आणि मग प्रत्येकातून एक वजा. एन पाच असेल तर तुम्हाला हवं होतं १ ते ४, मिळतं ० ते ४. कंस घाला, भांडण मिटेल.

आता जूनची गोष्ट. ही मला फार आवडते.

काम: प्रत्येक महिन्यातल्या नोंद झालेल्या पहिल्या दहा दिवसांची सरासरी. एनए आधीच काढून टाकलेत. आत एक छोटा लूप, १ ते १०. चालवलं. मे ठीक, जुलै ठीक, ऑगस्ट ठीक, सप्टेंबर ठीक. जून एनए. आपण तर सगळे एनए काढले होते! मग हा आला कुठून?

पहिली प्रतिक्रिया: जूनच्या नोंदी खराब आहेत. पाच महिने, चार ठिकाणी चालतं, एका ठिकाणी नाही, दोष त्या एकाचा. वाटतं तर तसंच. आपले नैयायिक इथे सावध करतात. धूर आणि अग्नीचं उदाहरण तुम्हाला ठाऊक आहे. जिथे धूर तिथे अग्नी, स्वयंपाकघरात जसा. हा अन्वय. जिथे अग्नी नाही तिथे धूर नाही, तळ्यात जसा. हा व्यतिरेक. पण उलटं, जिथे अग्नी तिथे धूर, हे चालत नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. धूर यायला ओलं लाकूड लागतं. ही मध्ये लपलेली अट म्हणजे उपाधी. डीबगिंग म्हणजे बहुतेक वेळा उपाधी शोधणं.

तर जूनमध्ये ओलं लाकूड कोणतं? नुसतं बघून कळणार नाही, प्रयोग करा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. दहाच्या जागी नऊ करा. जून चालला! म्हणजे जूनच्या नोंदींत विष नाही. आता परत दहा करा, आणि मे महिन्याच्या पहिल्या नऊच नोंदी ठेवून लूप चालवा. मे मोडला! म्हणजे कारण ‘जून’ नव्हे, कारण ‘नऊ’. जूनमध्ये तीस दिवसांपैकी फक्त नऊच दिवस ओझोनची नोंद आहे. बाकी महिन्यांत सव्वीस, सव्वीस, सव्वीस, एकोणतीस. दहाव्या खणात हात घातला, खण नव्हताच, आणि आरने पुन्हा सौजन्याने एनए हातावर ठेवला. पहिला प्रयोग व्यतिरेक, दुसरा अन्वय. दोन्ही केले तेव्हाच बोट ठेवता आलं. एकट्या पहिल्याने ‘नऊवर चालतं’ एवढंच कळलं असतं, आणि मी बहुधा ‘जूनसाठी नऊ घ्या’ असा जोड मारून मोकळा झालो असतो. असे जोड मारलेले कोड पुष्कळ पाहिलेत. स्वतःचेही.

काही गोष्टी भरभर सांगतो, घड्याळ पळतंय. निकालच्या आयव्या खणात ठेवायच्याऐवजी नुसतं निकालमध्ये ठेवलं तर दर फेरी आधीचं पुसून टाकते आणि शेवटचाच आकडा उरतो. पाच सरासऱ्यांच्या जागी एकटा सप्टेंबरचा ३१.४ दिसला तर हेच झालेलं असतं. तारखांच्या यादीवर थेट लूप चालवला तर तारखेचा सदरा उतरतो आणि आत नुसता आकडा उरतो, १ जानेवारी १९७० पासूनचे दिवस. १ मे १९७३ च्या जागी १२१६ दिसतं. घाबरू नका, तारीख बरोबर आहे, फक्त उघडी आहे. आणि ‘एक होईपर्यंत ०.१ मिळवत राहा’ असा लूप लिहाल तर तो कधीच थांबणार नाही. एक तृतीयांश दशमानात जसा पुरा लिहिता येत नाही तसा एक दशांश द्विमानात लिहिता येत नाही, त्यामुळे दहा वेळा मिळवून एक होत नाही, एकाच्या किंचित अलीकडे राहतो, आणि पुढच्या उडीत एक ओलांडून निघून जातो. समान आहे का असं विचारू नका, पुरेसं जवळ आहे का असं विचारा. एखादा प्रोग्राम थांबेल की नाही हे कुठल्याही प्रोग्रामबद्दल सांगू शकेल अशी एकच सर्वसाधारण रीत असू शकत नाही, हे अॅलन ट्युरिंग यांनी १९३६ मध्ये सिद्ध केलं. पण तुमचा हा लूप थांबणार नाही हे मी सांगू शकतो. एस्केप दाबा.

आता तो फोन.

मी तिच्यासाठी केलं होतं ते बूटस्ट्रॅप, ब्रॅडली एफ्रन यांनी १९७९ मध्ये मांडलेली रीत. समजा शंभर मुलांचे गुण आहेत. शंभर चिठ्ठ्या डब्यात टाका. एक काढा, गुण लिहा, चिठ्ठी परत टाका. असं शंभरदा. काही मुलं दोनदा-तीनदा येतील, काही येणारच नाहीत. या नव्या शंभरांचा मध्यक काढा. हे सगळं हजार वेळा करा. हजार मध्यक मिळतील, ते एकमेकांपासून किती विखुरलेत त्यावरून तुमचा मूळ मध्यक किती डळमळीत आहे ते कळतं. माझे हजार मध्यक एकसारखे होते.

खरं सांगतो, फोनवर मी आधी वाद घातला. म्हटलं, गुण पूर्णांकात असतात, मधल्या एका गुणावर पुष्कळ मुलं दाटलेली असली तर मध्यक हलणार नाही, शून्य येऊ शकतं. आणि हे खोटं नाही बरं का. असं खरोखर होऊ शकतं. म्हणून तर ही चूक इतकी वाईट होती. तिच्या बचावाला एक खरं कारण उभं होतं. ती म्हणाली, ‘मग सर, मध्यकाऐवजी सरासरी घेऊन बघता का? सरासरी तर हलेलच ना?’

व्यतिरेक! मीच शिकवलेला. सरासरी घेऊन बघितली. हजार सरासऱ्या, शेवटच्या दशांशापर्यंत एकच. आता कुठलंही कारण उरलं नाही. पहिल्या पाच फेऱ्यांतल्या चिठ्ठ्या छापून बघितल्या. पाचही वेळा त्याच चिठ्ठ्या, त्याच क्रमाने.

संगणकाच्या चिठ्ठ्या खऱ्या नशिबाच्या नसतात. एक आरंभाचा आकडा असतो, त्याला सीड म्हणतात, बीज. त्या बीजातून आकड्यांची एक ठरलेली माळ निघते, ती फक्त नशिबासारखी दिसते. उद्या दुसऱ्या कोणी तुमचं गणित करून बघितलं तर तेच उत्तर यावं, म्हणून ‘सेट सीड’ ही आज्ञा आधी देतात. मी वाचलं होतं की बीज नेहमी ठरवून द्यावं. आणि मी ते भक्तिभावाने लूपच्या आत दिलं होतं. म्हणजे दर फेरीला माळ पुन्हा पहिल्या मण्यावर. हजार वेळा एकच फेरी.

ती ओळ लूपच्या वर नेली. एक ओळ, दोन बोटं वर. पुन्हा चालवलं. शून्य गेलं, आणि दोन्ही शाळांच्या मध्यकांभोवती चांगलेच रुंद पट्टे आले, एकमेकांवर बरेच चढलेले. तिच्या मसुद्यात एक ठाम वाक्य होतं की या शाळांमधली मुलं त्या शाळांमधल्या मुलांपेक्षा चांगलं वाचतात. ते वाक्य तिला काढावं लागलं. त्या जागी तिने लिहिलं की या नोंदींवरून तसं ठामपणे म्हणता येत नाही. रात्री एक वाजता. मला फार वाईट वाटलं, तिला वाटलं नसावं. ती म्हणाली, ‘बरं झालं सर, नाहीतर त्या दुसऱ्या शाळांच्या बाई मला कुठल्या तोंडाने भेटल्या असत्या?’

थांबतो. प्रश्न असतील तर विचारा.

प्रश्न: सर, आरमध्ये लूप टाळावेत असं सगळीकडे सांगतात. एका ओळीत महिन्यागणिक सरासरी काढता येते. मग या चुका होणारच नाहीत ना?

यातल्या काही होणार नाहीत. ‘टी अप्लाय’ वापरलंत तर खणाचा घोटाळा संपतो, पाच सरासऱ्या नीट नाव लावून मिळतात, आणि मी स्वतः आता तेच वापरतो. पण लूप गेला असं समजू नका, तो फक्त पडद्याआड गेला. आत कोणीतरी फेऱ्या घालतंच आहे. एनए तिथेही एनएच राहतो, वगळायला सांगावं लागतं. बीज तिथेही आत टाकता येतं, आणि तेवढंच विनोदी उत्तर मिळतं.

आणि एक गोष्ट करून बघा घरी. पाच महिन्यांच्या सरासऱ्यांची सरासरी येते ४०.७. तीच ओझोनची सरासरी सगळ्या ११६ नोंदलेल्या दिवसांवर थेट काढा, येते ४२.१. लगेच चूक शोधायला लागू नका, मी एक संध्याकाळ त्यात घालवली आहे. कोड दोन्हीकडे बरोबर आहे. एकात जूनच्या नऊ दिवसांना जुलैच्या सव्वीस दिवसांइतकाच मान आहे, दुसऱ्यात नाही. त्यातलं तुम्हाला कोणतं हवं आहे हे आरला विचारून उपयोग नाही, आपल्याला न्यूयॉर्कच्या त्या उन्हाळ्याबद्दल नेमकं काय जाणून घ्यायचंय त्यावर ते ठरेल. हां, तुमचा प्रश्न? मागे, निळा शर्ट. माइक द्या त्यांना.